प्लाझ्मा टीव्ही दोन सेकंद आवाज देऊन बंद होतो: घरी तपासणी आणि दुरुस्ती कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा: 2010 च्या सुमाराचा 42 इंची प्लाझ्मा टीव्ही. बटण दाबलं की रिलेचा 'टक्' आवाज येतो, दोन-तीन सेकंद चॅनेलचा आवाज ऐकू येतो, पडदा मात्र काळाच राहतो, मग पुन्हा 'टक्' होऊन सेट बंद. स्टँडबायचा लाल दिवा व्यवस्थित लागतो. मेकॅनिकने मागचं झाकण न उघडताच "पॅनेल गेलंय, एलईडी घ्या" असं सांगितलं. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, आणि हा सेट वाचेल का हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

वाचण्याची शक्यता चांगली आहे. एवढ्या लक्षणांवरून पॅनेल गेलं असं कुणालाच म्हणता येणार नाही. उलट हे लक्षण बहुतेक वेळा मागच्या एखाद्या बोर्डावरच्या शॉर्टचं असतं आणि तो शॉर्ट साध्या मीटरने सापडतो. पण मेकॅनिकच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे: सेट ठेवायचा की सोडायचा हे शेवटी पॅनेलच ठरवतं. पायोनियरने 2009 मध्येच या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पॅनासॉनिकने डिसेंबर 2013 मध्ये प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी यांनी 2014 मध्ये. आता नवीन पॅनेल बनत नाही. बोर्ड अजून मिळतात, कारण काच फुटलेल्या सेटांतले बोर्ड लोक काढून विकतात. म्हणून माझा आग्रह असा: पॅनेल जिवंत आहे अशी शक्य तेवढी खात्री होईपर्यंत एक रुपयाचाही सुटा भाग घ्यायचा नाही. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे मोजताना अर्थ लागेल. पडद्यातला प्रत्येक ठिपका तीन कप्प्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा. कप्प्यात निऑन आणि झेनॉन वायू भरलेला. वरून व्होल्टेजचे ठोके बसले की वायूत डिस्चार्ज होतो, अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या भिंतीवरचं फॉस्फर उजळतं. हे ठोके तीन बाजूंनी येतात. पडद्याच्या एका उभ्या कडेने 'वाय' म्हणजे स्कॅनची बाजू, समोरच्या कडेने 'एक्स' किंवा 'झेड' म्हणजे सस्टेनची (ठिपके पेटते ठेवणारी) बाजू, आणि खालून (मोठ्या पॅनेलांत कधी वरूनही) अ‍ॅड्रेसच्या रिबनी. वाय आणि झेडच्या ओळी आडव्या जातात, अ‍ॅड्रेसच्या उभ्या. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पडद्यावरचा दोष पाहून अर्धं निदान होतं: आडवा दोष वायकडचा, उभा दोष अ‍ॅड्रेसकडचा.

बोर्डांची नावं कंपनीगणिक बदलतात. एलजीत वाय-सस, झेड-सस आणि कंट्रोल बोर्ड. सॅमसंगमध्ये वाय-मेन, एक्स-मेन आणि लॉजिक. पॅनासॉनिकमध्ये एससी, एसएस आणि डी. कामं तीच. या सगळ्यांना पुरवठा करतो तो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा बोर्ड. त्याचे दोन मोठे व्होल्टेज म्हणजे सस्टेनसाठीचा व्हीएस, जो साधारण 180 ते 210 व्होल्ट असतो, आणि अ‍ॅड्रेससाठीचा व्हीए, साधारण 55 ते 70. तुमच्या पॅनेलला नेमके किती लागतात ते पॅनेलच्या मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदावर छापलेलं असतं. झाकण उघडल्या उघडल्या त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. तो प्रत्येक पॅनेलचा वेगळा असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन सेटांतही आकडे जुळतीलच असं नाही.

आता तुमचं लक्षण वाचू. लाल दिवा लागतो म्हणजे स्टँडबायचे 5 व्होल्ट आहेत. रिले ओढतो आणि आवाज येतो म्हणजे मेन बोर्ड, ट्यूनर आणि लहान व्होल्टेजची सगळी बाजू ठीक. नंतर एसएमपीएस व्हीए आणि व्हीएस सोडतो, आणि नेमकं तिथे काहीतरी अडतं. प्रोटेक्शन येतं, सेट बंद. म्हणजे संशयित चार: वाय-सस (त्याचे ठोके पडद्याच्या ओळींपर्यंत पोहोचवणाऱ्या बफर बोर्डांसह), झेड-सस, अ‍ॅड्रेसची बाजू, आणि स्वतः एसएमपीएस. मेन बोर्डाला हात लावायची गरज नाही.

पहिली चाचणी झाकण न उघडता करायची आहे. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, पडदे ओढा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि टीव्हीसमोर बसून रिमोटचं बटण दाबा. त्या दोन-तीन सेकंदांत काळ्या पडद्यावर अगदी फिकट, राखाडी किंवा तांबूस झाक क्षणभर येते का बघा. चालू प्लाझ्मा काळं चित्र दाखवतानाही पूर्ण काळा नसतो, कारण प्रत्येक कप्प्याला रीसेटचा ठोका बसतच असतो. ती झाक पूर्ण पडद्यावर दिसली तर पॅनेलमधला वायू आणि आडव्या ओळी शाबूत आहेत. अर्ध्याच पडद्यावर दिसली तर संशय थेट बफर बोर्डावर जातो. अजिबात दिसली नाही तर घाबरू नका, व्हीएस तिथवर पोहोचतच नसेल. मग आत बघावं लागेल.

आता सुरक्षितता, आणि हा भाग कृपया घाईने वाचू नका. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरांवर सेट चालू असताना 380 ते 400 व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात, आणि ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) उडालेला असेल तर बराच वेळ. सस्टेन बोर्डांवरच्या, म्हणजे वाय-सस आणि झेड-ससवरच्या, कपॅसिटरांत 200 व्होल्ट. या दोन्ही ठिकाणी जीव जाण्याइतकी शक्ती आहे. प्लग भिंतीतून काढा, रिमोटवर विसंबू नका. दहा मिनिटं थांबा. मग 2.2 किलोओहम, 10 वॅटचा सिमेंट रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना दहा सेकंद धरा, आणि नंतर मीटरने खात्री करा की 10 व्होल्टच्याही खाली आलंय. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे पुष्कळ दिसतात. त्यात ट्रॅक उडतात, कपॅसिटर दुखावतो आणि डोळ्यात धातूचे कण जाऊ शकतात. मीटर आणि त्याच्या वायरी किमान 600 व्होल्टच्या असाव्यात. चालू सेटवर मोजताना एक हात मागे ठेवा, मीटरची काळी पिन क्लिपने चॅसिसला (पॅनेलमागच्या धातूच्या सांगाड्याला) लावा आणि फक्त लाल पिन हलवा. घरात दुसरं कुणीतरी जागं असू द्या. एसएमपीएसची मेन्सकडची बाजू चॅसिसपासून वेगळी असते, बोर्डवर बहुधा जाड पांढरी रेघ असते. त्या रेघेपलीकडे मोजताना काळी पिन मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला हवी, चॅसिसला नको.

सेट उभाच ठेवून काम करा, भिंतीकडे तोंड करून, स्टँडवर घट्ट. आडवा करायचाच असेल तर दोघांनी धरून सपाट टेबलावर जाड सतरंजी घालून ठेवा. पॅनेलच्या मागे एका कोपऱ्यात काचेची छोटी बंद नळी असते, कारखान्यात वायू भरून ती वितळवून बंद केलेली. तिला पक्कड किंवा कोपर लागला तर पॅनेल त्या क्षणी संपलं. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर झाकणाचं चित्र काढून स्क्रू जिथले तिथे टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या बोर्डाला टेकतो.

झाकण निघालं की आधी नुसतं बघा, टॉर्च घेऊन, पाच-दहा मिनिटं. एसएमपीएसवर डोकं फुगलेले कपॅसिटर, विशेषतः 1000 मायक्रोफॅरड 10 व्होल्टचे, हीटसिंकच्या जवळचे. कुठे काळपट डाग, फुटलेली आयसी, उडालेला फ्यूज. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास बघावी लागते: पाल. उबेला येऊन बसते आणि सस्टेन बोर्डावर 200 व्होल्टमध्ये अडकते. पालीची विष्ठा आणि झुरळांची घाणही पिनांमध्ये ओल धरून शॉर्ट करते. कोकणात, गोव्यात, किनाऱ्याजवळच्या घरांत रिबन कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज असतो. अशी घाण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या. क्वचित एवढ्यावरही सेट चालू होतो.

काही दिसलं नाही तर मीटर उचला. सेट बंद, डिस्चार्ज केलेला. मीटर डायोड मोडवर. एसएमपीएसमधून वाय-सस आणि झेड-ससकडे जाणारे व्हीएसचे कनेक्टर काढा, पिनांवर नाव छापलेलं असतं. काही मॉडेलांत व्हीएस आधी एका सस्टेन बोर्डावर जातो आणि तिथून दुसऱ्यावर. तेव्हा दोन बोर्डांमधली जोडणीही सोडवा, नाहीतर एकाचा शॉर्ट दोघांवर दिसेल. आता वाय-ससच्या व्हीएस पिनवर मीटरची काळी आणि चॅसिसवर लाल. चांगल्या बोर्डावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा थोडा जास्त आकडा येतो. मीटरच्या पिना उलटा: आकडा चढत चढत जाऊन मीटर ओपन दाखवतो, कारण कपॅसिटर चार्ज होतोय. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आणि 'बीप' ऐकू आला तर तो बोर्ड शॉर्ट. हेच झेड-ससवर, आणि हेच अ‍ॅड्रेस बोर्डांच्या व्हीए पिनवर. तुम्ही लिहिलेल्या लक्षणात या तिन्हींपैकी एक जागा 'बीप' देण्याची दाट शक्यता आहे.

सस्टेन बोर्डांवर व्हीएसच्या वाटेत फ्यूज असतो, तोही बघा. तो उडालेला असेल तर तो कारण नव्हे, परिणाम आहे. नुसता फ्यूज बदलून सेट चालू केला तर नवीनही लगेच उडतो आणि कधी एसएमपीएसलाही सोबत घेऊन जातो. फ्यूजवर तार गुंडाळणं तर अजिबात करू नका, तिथे आग लागू शकते.

थंड मोजणीत काहीच सापडलं नाही तर गरम मोजणी. व्हीएसचे कनेक्टर काढलेलेच ठेवा, बाकी सगळं जोडा, एसएमपीएसच्या व्हीएस पिनवर मीटर लावून ठेवा आणि मग सेट चालू करा. आता सेट बंद न होता चालू राहिला आणि व्हीएस कागदावरच्या आकड्याजवळ दिसला तर दोष सस्टेनकडे आहे. तरीही बंद झाला तर व्हीएचा कनेक्टरही काढून पुन्हा तेच. दोन्ही काढूनही बंद होत असेल तर एसएमपीएस. प्रत्येक वेळी कनेक्टर काढण्या-घालण्याआधी प्लग काढायचा आणि डिस्चार्ज करायचा, न कंटाळता. पॅनासॉनिकच्या सेटात ही युक्ती बहुधा चालत नाही. तो सेट स्वतःच प्रत्येक बोर्डाकडून खुणा घेतो आणि एक जरी गायब असली तरी बंद होतो. त्याऐवजी तो दिवा लुकलुकवून सांगतो. त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांत 7 वेळा म्हणजे एससीची, वायची बाजू आणि 8 वेळा म्हणजे एसएसची. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तक्ता बघून मगच विश्वास ठेवा.

एसएमपीएसवर संशय आला तर त्याला एकट्याला तपासायची पद्धत आहे आणि ती मला फार भरवशाची वाटते. रिकामा एसएमपीएस बरोबर व्होल्ट दाखवतो पण भार पडला की कोलमडतो, असं वारंवार होतं. मग नुसत्या मीटरवर विसंबून लोक चांगला सस्टेन बोर्ड बदलत बसतात. म्हणून भार लावा: 230 व्होल्टचा 100 वॅटचा जुना, तारेचा बल्ब व्हीएस आणि ग्राउंडमध्ये. 195 व्होल्टला तो साधारण 0.4 अँपिअर ओढतो, तपासणीपुरता चांगला भार. एलईडी बल्ब इथे चालत नाही. एसएमपीएसला मेन बोर्डाशिवाय उठवायचं कसं हे कंपनीगणिक वेगळं: एलजीच्या घराण्यात स्टँडबायचे 5 व्होल्ट 100 ओहमच्या रेझिस्टरमधून आधी 'आरएल ऑन' आणि मग 'व्हीएस ऑन' या पिनांना देतात. सॅमसंगच्या बऱ्याच बोर्डांत 'पीएस ऑन' पिन ग्राउंडला जोडतात. पिनांची नावं वाचून, मॅन्युअल समोर ठेवून करा. बल्ब स्थिर उजळला आणि मीटरचा आकडा हलला नाही तर एसएमपीएस चोख. बल्ब लुकलुकला, मंद होत गेला किंवा मोठ्या कपॅसिटरवरचे 380-390 व्होल्ट 320 च्या आसपास राहिले तर पीएफसीची, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज चढवून 380-390 करणारी, बाजू उठत नाहीये.

सिरीज बल्बबद्दल एक सूचना. आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिककडे सिरीज बोर्ड (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडलेला) असतो, आणि स्टँडबायचा शॉर्ट शोधायला 100 वॅटचा बल्ब उत्तम. पण पूर्ण प्लाझ्मा त्यावर चालवू नका. 42 इंची सेट सहज दीडशे-दोनशे वॅट ओढतो. बल्बवर व्होल्टेज पडून एसएमपीएस आपोआप बंद होतो आणि नसलेला दोष दिसतो.

फुगलेले कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, 105 अंशांचे आणि कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे मिळतात, पण ढिगातून सुटे उचलू नका, ओळखीच्या दुकानातून नामांकित कंपनीचे घ्या. जुने भाग पॉलिश करून नवीन म्हणून विकले जातात, आणि पॉवरच्या भागांत तर हे सर्रास आहे.

आता बहुधा तुम्ही ज्याच्यापाशी पोहोचाल तो वाय-सस. इथे सगळ्यात जास्त व्होल्टेज, सगळ्यात जास्त करंट आणि सगळ्यात गुंतागुंतीचा वेव्हफॉर्म, म्हणून मरतोही तोच जास्त. शॉर्ट वाय-ससमध्ये आहे की त्याला लागून असलेल्या बफर बोर्डांत, हे आधी वेगळं करा. वरचा आणि खालचा असे दोन बफर असतात. दोन्ही काढा आणि वाय-सस पुन्हा मोजा. शॉर्ट गेला तर बफर दोषी, राहिला तर वाय-सस. चालवून बघायचं असेल तर दोन्ही बफर बसवलेले तरी हवेत किंवा दोन्ही काढलेले तरी. एकच बसवून सेट चालू केलात तर तोही जाईल.

बफरची तपासणी सोपी, पण चिकाटीची आहे. त्यावरच्या आयसी बारकाईने बघा. मेलेल्या आयसीच्या पाठीवर बहुधा टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा केसाएवढी भेग असते, तिरक्या प्रकाशात चमकते. दिसली नाही तर डायोड मोडवर मीटरची एक पिन फ्लोटिंग ग्राउंडला (बफरच्या स्वतःच्या ग्राउंडला) ठेवून दुसरी रिबनच्या प्रत्येक पिनवर हळूच सरकवा. सगळ्या पिनांवर जवळजवळ सारखाच आकडा यायला हवा. जिथे 'बीप' होतो ती आयसी गेली. हे फ्लोटिंग ग्राउंड चॅसिसचं ग्राउंड नव्हे. सेट चालू असताना ते व्हीएसबरोबर वरखाली होत असतं, त्यामुळे चालू सेटवर या दोघांना कधीही एकत्र जोडू नका. आयसी बदलायला हॉट एअर आणि हातोटी दोन्ही लागतात. घरी काम करणाऱ्याने पूर्ण बफर बोर्डच बदललेला बरा. रिबन काढताना कनेक्टरची पातळ झडप नखाने उचला, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. ती तुटली की रिबन कायमची सैल राहते आणि पडद्यावर आडव्या रेघा येत राहतात.

वाय-सस स्वतः शॉर्ट निघाला तर हीटसिंकखालचे आयजीबीटी आणि मॉस्फेट (मोठे पॉवर ट्रान्झिस्टर) एकेक मोजा. 30एफ124, 30जे124 असे नंबर तुम्हाला बरेचदा दिसतील. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात दोन्ही बाजूंनी 'बीप' म्हणजे गेला. पण समांतर जोडलेले दोन-तीन असतात, एक शॉर्ट असला की सगळेच शॉर्ट दिसतात. म्हणून एकेक काढून बोर्डाबाहेर मोजा. बदलताना समांतर जोडीतले सगळे एकदम, एकाच लॉटचे. आणि इथे बहुतेक जण चुकतात: मेलेल्या आयजीबीटीच्या गेटवाटे 200 व्होल्ट मागे ड्रायव्हरकडे गेलेले असतात. गेटचा लहान रेझिस्टर, त्याजवळचा झेनर आणि ड्रायव्हर आयसी तपासल्याशिवाय नवीन आयजीबीटी लावला तर तो पहिल्याच सेकंदाला जातो. शेजारचा चांगला विभाग मोजा आणि आकडे ताडून बघा. बोर्डवर सारख्या रचना दोनदा-तीनदा असतात, तोच तुमचा नमुना.

सोल्डरिंगला 25 वॅटचं आयर्न पुरणार नाही. या बोर्डांवरचं तांबं जाड असतं, 60 वॅटचं हवं. जुनं शिसंविरहित सोल्डर लवकर वितळत नाही, म्हणून आधी त्यावर थोडं 60-40 (कथिल-शिशाचं) सोल्डर मिसळा, मग पंपाने ओढा. नवीन आयजीबीटी आधी इन्सुलेटर आणि पेस्टसह हीटसिंकला स्क्रूने घट्ट करा, नंतर पाय सोल्डर करा. उलट केलं तर स्क्रू आवळताना पायांवर ताण येतो आणि सांधा महिन्याभरात तडकतो. इन्सुलेटर फाटलेला नाही याची मीटरने खात्री करा.

दुरुस्तीनंतरची पहिली सुरुवात नीट करा. बफर काढलेले, आणि व्हीएसच्या फ्यूजच्या जागी वायरींनी तोच 100 वॅटचा बल्ब. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून विझला तर कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. बल्ब भगभगीत उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा. अजून काहीतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे नवीन भाग वाचले. हे ठीक झालं की फ्यूज लावा, बफर लावा आणि मग पॅनेलसकट चालवा.

व्हीएच्या बाजूला 'बीप' आला असेल तर गोष्ट वेगळी आहे. अ‍ॅड्रेसच्या रिबनींवरच ड्रायव्हर चिप असते आणि रिबन थेट काचेला चिकटवलेली असते. ती घरी बदलता येत नाही, बाहेरही सहसा नाही. पण सेट तेवढ्याने संपत नाही. एकेक रिबन कनेक्टरमधून काढत व्हीए मोजत जा. जी काढल्यावर शॉर्ट जातो ती दोषी. ती सोडवून, टोक कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपने) झाकून सेट चालवला तर पडद्यावर एक काळा उभा पट्टा राहतो आणि बाकी चित्र व्यवस्थित येतं. पट्टा कडेला असेल तर घरच्यांना चालतं, मधोमध असेल तर नाही. तो निर्णय तुमचा. या चिपांवर दाबून बसणारी धातूची पट्टी तिच्या पॅडसकट परत लावायला विसरू नका, ती त्यांची उष्णता ओढते.

पॅनेलची खात्री इथपर्यंत आपोआप होत आलेली असते. चित्र अजून येत नसेल तर मेन बोर्डाला वगळून पॅनेलला त्याचंच अंगभूत चित्र दाखवायला लावा. एलजीच्या बऱ्याच कंट्रोल बोर्डांवर 'ऑटो' किंवा 'ऑटो जेन' लिहिलेली दोन टोकं असतात. मेन बोर्डाकडून येणारी एलव्हीडीएस (चित्राच्या सिग्नलची) केबल काढून ती जोडली की पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग फिरतात. सॅमसंगच्या लॉजिक बोर्डावरही यासाठी जंपर असतो. रंग स्वच्छ आले तर पॅनेल उत्तम. काचेला भेग असेल तर मात्र काही इलाज नाही: आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचा असतो, भेगेतून हवा आत शिरते आणि तो भाग पेटतच नाही.

बोर्ड बदलला तर त्यावरचे प्रीसेट (व्होल्टेज लावायचे फिरते छोटे स्क्रू) तुमच्या पॅनेलच्या कागदाप्रमाणे लावावेच लागतात. सेट दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, पांढरं चित्र ठेवा, आधी व्हीएस आणि व्हीए, मग वाय-ससवरचे मायनस व्हीवाय आणि व्हीएससी (स्कॅनचे दोन व्होल्टेज), एखाद्या व्होल्टच्या आत. प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर वापरा. गडद दृश्यांत लाल-हिरवे ठिपके चमचमत असतील तर ते बहुतेक वेळा याच व्होल्टेजचं चुकणं असतं. हे न करता जुन्या सेटचा बोर्ड जसाच्या तसा बसवला आणि "चित्र खराब आहे, पॅनेल म्हातारं झालं" म्हणून टाकून दिलेले सेट मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी लक्षणं झटपट. लाल दिवाच नाही: मेन फ्यूज, ब्रिज, व्हॅरिस्टर, स्टँडबायची आयसी. पावसाळ्यात वीज पडल्यावर हे जास्त, म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लग आणि केबल दोन्ही काढा. रिले टक-टक करत राहतो: एसएमपीएसवरचे फुगलेले कपॅसिटर. बातम्यांच्या पट्टीचा ठसा राहिला: दोन-चार दिवस पूर्ण पडदाभर हलतं चित्र चालवा. गेला तर तात्पुरता होता, नाही गेला तर फॉस्फर झिजलंय. हलकी गुणगुण: प्लाझ्माचा स्वभावच, महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून थोडी वाढते.

मोजून झालं की मला एवढं कळवा: अंधारात झाक दिसली का आणि कुठे, वाय-सस, झेड-सस आणि व्हीए पिनवरचे डायोड मोडचे आकडे, दोन्ही बाजूंनी, बफर काढल्यावर वाय-ससचा आकडा बदलला का, आणि पॅनेलवरच्या कागदाचा फोटो. बोर्डांवरचे छापील पार्ट नंबरही लिहा, म्हणजे वाय-सस घ्यायची वेळ आली तर कोणते नंबर एकमेकांच्या जागी चालतात ते सांगता येईल. तोवर काही विकत घेऊ नका, आणि स्क्रू टोचलेला कागद एका डब्यात बंद ठेवा.